पावण्यांचा डबा

“लावा बघू तुमचा डबा,” म्हणत आप्पांनी हातातली कानस खाली ठेवली, आणि मी मनातल्या मनात बोलणी खायची तयारी केली.

आप्पा म्हणजे माझे सासरे. मिरजेत तंबोरे-सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत त्यांचं घर, आणि घराची पुढची खोली म्हणजे दुकान. डबा म्हणजे मी घरी जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर. त्याला मशीन म्हणा, सिस्टिम म्हणा, असं मी किती वेळा विनवलं होतं. पण नाही. पावण्यांचा डबा. आमच्याकडं जावयाला पावणं म्हणतात हे मलाही ठाऊक आहे, पण आप्पांच्या तोंडी तो शब्द आला की मला उगाच वाटायचं, आपण या घरात खरोखरच पाहुणे आहोत आणि आपल्या गाडीची वेळ झालीय.

माझा धंदा दुकानांच्या पाट्यांचा. सांगलीत संध्याकाळी झगमगतात त्यातल्या निम्म्या पाट्या माझ्या. त्या प्रत्येक पाटीच्या मागं जाळीदार पत्र्याचा एक चपटा डबा असतो, स्विचिंगचा सप्लाय. जुन्या मशीनमधे विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर असायचा, तसला यात नसतो. हा करंटची सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून काम भागवतो. म्हणून हलका, म्हणून स्वस्त, आणि माझ्या गोडाऊनमधे तर पोत्यानं पडलेला. मला गाण्याचा नाद, आणि गाण्यापेक्षा मशीन जोडायचा जास्त. असला सप्लाय घ्यायचा, त्यावर बाजारात मिळते ती अ‍ॅम्प्लिफायरची पट्टी जोडायची, लाकडी पेटीत बसवायचं, की झालं. मित्रांच्या, गिऱ्हाइकांच्या घरी मी असे कितीतरी दिले होते. सगळे खूश. नापास केलं ते एकट्या आप्पांनी.

त्यांची ऐकायची रीतच निराळी. मशीन चालू करायचं, पण गाणं लावायचं नाही. “आधी रिकामं ऐकायचं,” ते म्हणायचे, “गाण्याखाली काय, सगळं झाकतं.” आणि या स्वस्तातल्या सप्लायचं दुखणं नेमकं तिथंच असतं. भरपूर काम दिलं की तो गप्प बसतो. गाणं थांबलं, काम कमी झालं, की बसल्या बसल्या बारीक शिट्टी मारतो. पाटीच्या दिव्यांना कान नसतात, त्यामुळं तिथं कुणाला पत्ता लागत नाही.

पहिला डबा नेला तेव्हा आप्पांनी डोळे मिटून रिकामं ऐकलं आणि म्हणाले, “पावणं, आत डास कोंडलाय.” मला काहीच ऐकू येईना. शेवटी पेटीला कान टेकवला तेव्हा कुठं ती ‘किं’ सापडली. दुसऱ्या डब्याच्या मागच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या यायच्या. तो वैजूनंच, म्हणजे माझ्या बायकोनं, घराबाहेर काढला. तिसऱ्याला मी फिल्टर लावले, कॉइल लावल्या, आठवडाभर खपलो. आप्पांनी ऐकलं, मान हलवली. “डास मेला,” म्हणाले. माझा जीव भांड्यात पडतोय तोवर पुढं म्हणाले, “पण त्याची बायको हाय अजून.”

माझं डोकं फिरलं. “मग मच्छरदाणी लावून ऐका!” असं म्हणून मी डबा उचलला आणि निघून आलो. वैजू दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आप्पांना मात्र काही वाटलं नव्हतं. ते गल्लीत सगळ्यांना ही गोष्ट सांगून हसत होते. त्यानंतर मी दोनेक वर्षं मिरजेला डबा नेला नाही. रुसलो होतो म्हणा. खरं सांगायचं तर त्या माणसानं एकदा, एकदाच, बरं म्हणावं यासाठी मी जिवाचं रान करत होतो, आणि ते मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

त्या रविवारी गेलो ते वैजूच्या हट्टापायी. आप्पांचं स्वतःचं जुनं जड मशीन अखेर जळालं होतं. सासूबाई गेल्यापासून दुपारी जेवून जुन्या टेपा ऐकायच्या, एवढाच त्यांचा विरंगुळा. तो बंद पडला. नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून मिळायला वेळ होता. तोवर चालेल म्हणून मी एक डबा तयार केला, चांगला फिल्टर लावून. आणि निघायच्या दिवशी सकाळी त्यातला सप्लाय ‘टप्प’ करून गेला. हाताशी होता तो साडीच्या दुकानाच्या पाटीतून काढलेला, सगळ्यात हलका. बसवला तसाच. चालू केला तर अशी शिट्टी की आमच्या घरातली मांजर उठून बाहेर गेली. म्हटलं, असू दे, बोलणी खाऊ, पण म्हाताऱ्याला टेपा तर ऐकायला मिळतील.

तर असा तो डबा मी आप्पांच्या पुढ्यात ठेवला. ते एका तंबोऱ्याच्या जवारीचं काम करत बसले होते. तोंड उघडून “आप्पा, हा तात्पुरता आहे” एवढं म्हणणार, तोवर त्यांनी हात वर केला. गप्प बसायची खूण. मी बटण दाबलं.

शिट्टी सुरू झाली. डासबीस काही नाही, सरळ कानात सुई.

आप्पांनी डोळे मिटले. मान जरा तिरकी केली. गल्लीत कुणीतरी लाकूड तासत होतं, तेही थांबलं होतं. मी त्यांच्या मिशीकडं बघत होतो, कारण टोमणा यायच्या आधी ती हलायची. बराच वेळ गेला. मग त्यांनी डोळे उघडले.

“जमलं,” आप्पा म्हणाले.

मला वाटलं चेष्टा. मी पुढचं वाक्य येईल म्हणून थांबलो. डास कुठल्या जातीचा, त्याचं सासर कुठलं, असलं काहीतरी. आलं नाही. आप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले, माझ्याजवळ आले आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

“जमलं, पावणं. आता जमलं बघा. चिडीचूप झालं. मी म्हणत नव्हतो, मनावर घेतलं तर हा माणूस करील? वैजू! ए वैजू, चहात साखर जास्त टाक. तुझ्या नवऱ्यानं डबा जमवला!”

इतकी वर्षं मी त्या थापेची वाट बघितली होती. ती पडली तेव्हा शिट्टी चालूच होती.

स्वयंपाकघराच्या दारात वैजू उभी होती. एक बोट कानात. ती “हे काय वाजतंय?” असं विचारायलाच आली होती, तिच्या तोंडावर दिसत होतं. तिनं आप्पांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मान हलवली, बोलू नकोस म्हणून. तिनं हळूच बोट काढलं आणि म्हणाली, “टाकते, आप्पा.”

आप्पा परत कामाला बसले. मी डबा बंद करायला हात पुढं केला. “राहू द्या की,” ते म्हणाले, “तापू द्या जरा. बाई आल्या की त्यांनाही दाखवू.”

पुढ्यातला तंबोरा शरयूबाईंचा होता. बाई सांगलीतल्या जुन्या गाणाऱ्या, आप्पांच्याच वयाच्या. तंबोरा आप्पांच्या वडिलांनी केलेला, आणि आप्पांनी आयुष्यात पहिली जवारी लावली ती त्याच तंबोऱ्याला. बाईंच्या गुरूंची पुण्यतिथी त्या आठवड्यात होती. दरवर्षी त्या त्यानिमित्त गायच्या, पण आता गळा थकला म्हणून हे शेवटचं गाणं असं त्यांनी जाहीर केलं होतं. “शेवटचं गाणं माझ्या जवारीवर व्हायचंय,” असं आप्पा महिनाभर सांगत सुटले होते. त्या दुपारीच त्या तंबोरा न्यायला यायच्या होत्या.

मला तंबोऱ्यातलं काही कळत नाही, पण जवारी म्हणजे काय ते त्या घरी येऊन-जाऊन कळलं होतं. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा कानशीनं घासायचा. केसाएवढा फरक. तार घोडीला जेमतेम चाटत गेली की तिच्या आवाजाला झळाळी येते. कमी घासलं तर आवाज मुका, जास्त घासलं तर तो फाटतो. हे डोळ्याला दिसत नाही, कुठल्या यंत्रावर मोजता येत नाही. कान सांगतो आणि हात करतो.

आप्पांनी तारा छेडल्या. ऐकल्या. “तारांत दम नाही हल्ली,” पुटपुटले. “कुठं आहे झळाळी?” आणि त्यांनी तारा बाजूला सारून घोडीवर परत कानस फिरवली.

मला तोवर कधी ऐकू आलं नव्हतं ते तेव्हा आलं. तंबोरा पत्र्यासारखा वाजत होता.

मी स्वयंपाकघरात गेलो. वैजू चहाच्या आधणाकडं बघत उभी होती.

“तुला ठाऊक होतं,” मी म्हणालो.

“हळू बोला.”

“हळू कशाला? ऐकू कुठं जातंय त्यांना!” म्हटलं आणि माझं मलाच कसंतरी झालं. वैजूच्या डोळ्यांत पाणी आलं.

“तसं नाही हो. बोलणं ऐकू येतं. कुकर ऐकू येतो. गेल्या वर्षभरात बारीक आवाज गेलेत फक्त,” ती म्हणाली. “मनगटातल्या घड्याळाचा गजर कानाशी वाजतो तरी उठत नाहीत. मी डॉक्टरकडं चला म्हटलं तर म्हणाले, माझ्या कानावर मिरज चालते, मला कसला डॉक्टर.”

“आणि गिऱ्हाइकं?”

“गिऱ्हाइकं तंबोरा घेऊन जातात, आप्पांना नमस्कार करतात, आणि पलीकडच्या गल्लीत नेऊन जवारी परत लावून घेतात. सगळ्यांना माहीत आहे. ते पलीकडचेसुद्धा एका शब्दानं बोलत नाहीत. आप्पांचा मान राखतात म्हणे.” तिनं गॅस बारीक केला. “झळाळी ऐकू येत नाही म्हणून आप्पा घासतच राहतात. लोकांचे तंबोरे फाटतात आणि आप्पा तारांना शिव्या घालतात.”

“अगं, मग सांगायचं नाही का कुणी?”

“तुम्ही सांगा. जा. आत्ता जाऊन सांगा.”

मी रागारागानं बाहेर आलो. सांगणारच होतो. एवढा माणूस, आणि सगळी गल्ली मिळून त्याला वेड्यात काढते? आप्पांच्या समोर जाऊन बसलो. त्यांनी वर बघितलं. त्यांचा चेहरा लग्नातल्या यजमानासारखा फुलला होता.

“पावणं, एक बोलू? राग नाही ना?”

“बोला की.”

“मी तुम्हाला लई पिडलं. डास काय, डासाची बायको काय. वैजू म्हणायची, आप्पा, किती छळता त्यांना. पण मला खोटं बोलता येत नाही हो. कानाला जे पटत नाही ते तोंडानं चांगलं म्हणता येत नाही मला. आज पटलं, तर म्हटलं. आज तुमचं तोंड बघून मला बरं वाटलं.”

डबा किंचाळत होता आणि त्याच्या शेजारी बसून तो म्हातारा मला सांगत होता की त्याला खोटं बोलता येत नाही.

“बाईंना फोन करू का, उद्या या म्हणून?” मी विचारलं.

“कशाला? निघाल्या असतील त्या. आणि आज तर यायलाच पाहिजेत.” ते हसले. “भांडायला नको?”

हे भांडण मिरजेत प्रसिद्ध होतं. शरयूबाईंनी आप्पांची जवारी पहिल्या बैठकीत कधी म्हणजे कधी मान्य केली नव्हती. पंचमाची तार बंद आहे, खर्ज नुसता घोरतोय, मधल्या दोन तारांच्या जोडीत एक सवतीसारखी वागतेय, एकेक काढायच्या. आप्पा म्हणायचे, तुमचा गळा बसलाय म्हणून तसं वाटतं. बाई म्हणायच्या, तुमचे हात आता खुर्च्या करायच्या लायकीचे राहिलेत. दारात माणसं जमायची. परत घोडी घासायची, परत तारा चढवायच्या, आणि तासा-दोन तासांनी बाई डोळे मिटून म्हणायच्या, “हां, आता बोलला.” मग दोघं एका ताटलीत भजी खायचे. आप्पा वर्षभर या भांडणाची वाट बघायचे.

रिक्षा वाजली. मी डब्याच्या बटणाकडं हात नेईपर्यंत बाई दारात आल्या होत्या.

“आहात का आप्पा?” म्हणून एक पाय आत टाकला आणि त्या तिथंच थांबल्या. “अगं बाई! हे काय किंचाळतंय इथं?”

“काय किंचाळतंय?” आप्पा म्हणाले.

“हे काय! शिट्टी! डोक्यात शिरतेय मेली. बंद करा ते आधी. या आवाजात तंबोरा लावता तरी कसा तुम्ही?”

आप्पा खुशीत हसले. त्यांना वाटलं, बाईंनी यंदा भांडण दारातूनच सुरू केलं. “हे नवीन काढलं वाटतं बाईंनी. आमच्या पावण्यांनी केलंय ते. मी स्वतः रिकामं ऐकलंय. चिडीचूप आहे.”

बाई हसल्या नाहीत. “आप्पा, तुम्हाला ऐकू येत नाही?” त्या म्हणाल्या, आणि मग हळू आवाजात परत म्हणाल्या, “तुम्हाला?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. वैजू आतून आली, सरळ भिंतीपाशी गेली आणि बटण बंद केलं. शिट्टी थांबली. बाईंनी सुस्कारा सोडला, मी सोडला, वैजूचे खांदे खाली आले. आप्पा आमच्या तिघांकडं आळीपाळीनं बघत होते.

“का गं बंद केलंस?”

“बाईंना त्रास होतोय, आप्पा.”

“कशाचा?”

वैजू भिंतीकडंच बघत राहिली. आप्पांनी परत विचारलं नाही. त्यांनी तंबोऱ्यावरची धूळ झटकली, तो उचलून बाईंच्या हातात दिला आणि समोर मांडी घालून बसले. हातात कानस घट्ट धरलेली. “ऐका,” म्हणाले.

बाईंनी मांडीवर तंबोरा घेतला आणि तारांवरून बोटं फिरवली. पहिल्याच फेऱ्याला त्यांची बोटं अडखळली. तरी त्यांनी परत छेडलं, सूर जुळवायचे मणी सरकवले, घोडीवरचा तारांखालचा दोरा हलवला, परत छेडलं. पत्राच तो. आप्पा तारांकडं बघतच नव्हते. ते बाईंच्या तोंडाकडं बघत होते. बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

“छान झालाय, आप्पा,” बाई म्हणाल्या. “अगदी मनासारखा.”

“पंचमाची तार बघितली?”

“बघितली की.”

“जास्त उघडी नाही वाटत?”

“नाही हो.”

“मग बंद वाटते?”

“नाही. छान आहे.”

“खर्ज?”

“तोही छान.”

बाई गवसणी घालायला लागल्या. म्हणजे तंबोऱ्याची कापडी खोळ. त्यांना नाडी नीट बांधता येत नव्हती. आप्पांनी हात पुढं करून गवसणीचं टोक धरलं आणि सोडलं नाही.

“बाई,” ते म्हणाले, “भांडा की.”

“आता काय भांडायचं, आप्पा? वय झालं आपलं.”

“भांडा की हो बाई. पाया पडतो तुमच्या. भांडा.”

मी आप्पांना कधी कुणापुढं हात जोडताना बघितलं नव्हतं. वैजूनं तोंडात पदर कोंबला. माझ्याच्यानं बघवेना, पण उठून जाताही येईना.

बाईंनी गवसणी ओढून काढली आणि फेकली. तंबोरा परत मांडीवर घेतला, तारा खाडकन छेडल्या, आणि जे सुरू झाल्या! “ही जवारी म्हणतात? हा नुसता पत्रा आहे पत्रा! डोंबाऱ्याच्या पोरांनीसुद्धा बरा वाजवला असता. घासून घासून घोडीचा जीव घेतलात! पंचम फाटलाय, खर्ज फाटलाय, काय कान गहाण ठेवलेत का काय कुणाकडं?” त्या ओरडत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. दारात दोघं-तिघं जमले होते. त्यांच्यातलं कुणी हसलं नाही.

आप्पा एकेका शब्दाला मान हलवत होते. “हां,” म्हणाले. “हां. आता बाई बोलल्या.”

वैजू चहा घेऊन आली तो कुणी घेतला नाही.

“डबा खरंच वाजत होता ना, पावणं?” त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं.

“वाजत होता, आप्पा.”

“लई?”

“लई.”

“बरं,” आप्पा म्हणाले. त्यांनी पिशवीतून नवी घोडी काढली आणि जुनीच्या जागी बसवली. “बाई, तुमचं गाणं परवावर आलंय. पलीकडं न्या म्हटलं असतं, चांगली पोरं आहेत ती. पण हा बाबांचा तंबोरा. याला अजून दुसऱ्या घराचा हात लागलेला नाही. तुम्ही ऐका आणि सांगा. मी हात चालवतो.”

तशी ती दोघं कामाला लागली. आप्पा कानस फिरवायचे, तारा चढवायचे. बाई छेडायच्या. “मुकी आहे अजून.” परत तारा बाजूला. “किंचित.” परत. “आता पंचम आला, जोड राहिली.” आप्पांचे हात पूर्वीसारखेच चालत होते, तसूभर इकडंतिकडं नाही. फक्त प्रत्येक वेळी तार छेडली की ते सवयीनं मान तिरकी करायचे, आणि मग आठवण झाल्यासारखी मान सरळ करून बाईंच्या तोंडाकडं बघायचे. दर वेळी. मला ते बघून रडू आलं, आणि मी जावईपणाची लाज सोडून तिथंच रडलो.

दिवेलागण झाली. वैजूनं खोलीतला दिवा लावला. बाईंनी डोळे मिटून तारा छेडल्या, दोन-चार फेरे ऐकले, आणि म्हणाल्या, “झालं.”

“खरंच?”

“खरंच, आप्पा.”

“बाई, खोटं नको.”

“माझ्या गळ्याशपथ,” बाई म्हणाल्या.

आप्पा त्यांच्याकडं बघत राहिले. “आजवर तुमचं मी कधी ऐकलं नाही, बाई. तुम्ही काही म्हणा, मला माझं ऐकू यायचं,” ते म्हणाले. “आता तुम्ही म्हणाल ते खरं.” त्यांनी कानस बाईंच्या पायाशी ठेवली आणि त्यांचा बांध फुटला. एवढा मोठा माणूस, गुडघ्यात तोंड घालून, हमसून हमसून.

बाईंनी ठरल्याप्रमाणं गाणं केलं. आप्पा पहिल्या रांगेत जाऊन बसले होते, धुतलेला फेटा बांधून. त्यानंतर त्यांनी जवारीला हात लावला नाही. गिऱ्हाईक आलं की स्वतः उठून त्याला पलीकडच्या गल्लीत पोचवून यायचे. ट्रान्सफॉर्मर आल्यावर मी त्यांचं जुनं मशीन दुरुस्त करून दिलं, पण त्यांनी टेपा काही फारशा लावल्या नाहीत. लावल्या तरी मी गेलो की बंद करायचे. पुढं तीन-चार वर्षांत आधी बाई गेल्या, मग आप्पा गेले.

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही स्कूटरवरून सांगलीला परत निघालो होतो. वैजू मागं बसली होती. मला राहवेना. तिचा कान लहानपणापासून त्या घरात तयार झालेला, माझ्यासारखा नाही. मी गाडी हळू केली आणि विचारलं, “वैजू, शेवटी बाई झालं म्हणाल्या, तेव्हा तंबोरा खरंच बरोबर वाजत होता का गं?”

तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला.

“मला नाही माहीत,” वैजू म्हणाली. “मी आप्पांकडं बघत होते. मी ऐकलंच नाही.”